तीन मिनिटांची खुर्ची

खुर्ची तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ रिकामी राहिली, तर बोगद्याची दोन्ही तोंडं आपोआप बंद होतात. नियम माझाच. बोगदा खणायच्या चार वर्षं आधी मीच लिहिलेला.

बोगदा कसा चालेल हे आधी कागदावर ठरवायचं, हे तेव्हा आमचं काम. पंखे कधी फिरणार, आग लागली तर फाटक कोण पाडणार, नियंत्रण कक्षातला माणूस दिवसभर काय करणार. त्याचा तासातासाचा दिवस मी लिहून काढला आणि बैठकीत ऐटीत वाचला. जुन्या बोगद्यावरच्या एका ऑपरेटरला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. सतत शंका काढायचा, म्हणून आम्ही त्याला शंकासुर म्हणायचो.

"बाई, सगळं झकास," तो म्हणाला. "पण हा माणूस लघवीला कधी जाणार?"

सगळे हसले. सर्वांत जोरात मी. "जोडीला दुसरा असेल ना!"

पुढे मंजुरीत त्या दुसऱ्याला कात्री लागली. नियम तेवढा राहिला. बोगदा सुरू झाल्यावर "तुमच्याइतकं हे कुणाला कळतं?" म्हणत मलाच इथे पाळीवर बसवलं. आपलेच दात, आपलेच ओठ. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत जाऊन यायचं कसब आता सगळ्यांनाच आलंय.

आज दुपारी अडीचला भावाचा फोन आला. "ताई, आईचं ऑपरेशन उद्याचं होतं ना, ते आज चारलाच घेतायत. तुला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणतेय."

मागून आईचा आवाज आला. "तिला घाई करू नको म्हणावं. पण ये म्हणावं."

माझी पाळी सहाला संपते. पुढच्या पाळीचा तापाने फणफणलेला, तिसरा परगावी. साहेब म्हणाले, "बोगदा बंद करू नका हं, बोंब होईल." तशीच उठून गेले असते, पण इस्पितळ बोगद्याच्या पलीकडे. मी उठले की फाटक खाली, आणि त्यापुढे अडकलेली मी. कागदावरच्या त्या माणसाला ना पोट होतं, ना आई. त्या दिवशी हसणाऱ्या मला धरून बडवावंसं वाटलं.

तीनला लाज गिळून शंकासुराला फोन लावला. दोन वर्षं याच खुर्चीत बसून तो गेल्या महिन्यात निवृत्त झाला होता.

"येतो की," तो म्हणाला.

"पण कार्ड लावल्याशिवाय खुर्ची माणूस मोजत नाही. तुमचं अजून चालेल का?"

"निवृत्त माणसाचं कार्ड कधी बंद करायचं, ते आराखड्यात लिहिलंय तुम्ही?"

"नाही."

"मग चालणार. तेव्हाच विचारणार होतो, पण तुम्ही सगळे हसत होता."

साडेतीनला तो आला, कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला. मी उठले, तो बसला.

"मी परत येईपर्यंत तीन मिनिटांच्या वर उठता येणार नाही तुम्हाला," मी म्हणाले.

"ठाऊक आहे," पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "घरूनच जाऊन आलोय. पळा आता, आई थांबलीय."