आमची काही मागणी नाही

या, जरा पुढे सरका, अशा जवळ बसा. लांब बसलात तर शब्द पोचतील, गोष्ट पोचणार नाही. देवादिकांची नाही हो, आमच्याच घरची आहे. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या घरात, दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, मंगळवार ते शुक्रवार अशा चार दिवसांत घडली. ते चार दिवस मी देवापुढचं निरांजन शांत होऊ दिलं नव्हतं, यावरून काय ते समजा.

आमचा अनिमेष तेव्हा चोवीस वर्षांचा. तो फुटबॉल खेळतो म्हटलं की लोकांना पायाने मारायचा फुटबॉल वाटतो. हा तो नव्हे. हा अमेरिकन. बॉल लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि हातात धरून पळायचा. अनिमेष ‘केम्पन स्टॉर्क्स’ या पगारी संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल ठरवणारा आणि बॉल फेकणारा. कीर्तनात बुवा उभे असतात ना, तसा. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

पण बॉल त्याच्या हातात आपोआप येत नाही. त्याच्यापुढे एकजण ओणवा उभा असतो. तो आपल्या पायांमधून बॉल मागे देतो, आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणारी धिप्पाड माणसं स्वतःच्या छातीवर घेतो. त्याला सेंटर म्हणतात. आमचा सेंटर योस्ट. अंगाने बैलगाडीएवढा, बोलायला लागला की लाजणारा.

माझे वडील, दीनानाथ, तीस वर्षं एकाच बुवांच्या मागे पेटीवर होते. मध्यंतरात बुवांना हार घालायला लोक पुढे आले की बुवा आधी मागे वळून वडिलांच्या कपाळाला बुक्का लावायचे, मग मान पुढे करायचे. हे मी अनिमेषला लहानपणी इतक्यांदा सांगितलं, की प्रत्येक सामन्याआधी तो योस्टच्या हेल्मेटला दोन बोटं टेकवायचा. संघातल्या मुलांना वाटायचं, असेल काहीतरी इंडियन तोडगा.

ऑक्टोबरात अनिमेषला कोरोना झाला आणि तो आमच्याकडे येऊन राहिला. मग आम्ही दोघं नवराबायकोही पडलो. योस्टने दाराशी भाजी आणून ठेवली. कोथिंबीर सांगितली होती, त्याने तशाच दिसणाऱ्या पार्सलीच्या आठ जुड्या आणल्या आणि रस्त्याच्या पलीकडून हात हलवला. पुढच्या आठवड्यात तोही पडला. अनिमेष दहा दिवसांत उठला. योस्ट जानेवारीतही जिना चढताना मध्ये बसायचा. कोणाकडून कोणाला गेलं हे कोणी सांगू शकत नाही. पण सरावात रोज त्या दोघांचे श्वास हातभर अंतरावर असायचे, आणि पहिला खोकला अनिमेषला आला होता. आमच्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नाही. सगळ्यांना ऐकू मात्र येत होतं.

जानेवारीअखेर नव्या कराराची बोलणी निघाली. अनिमेषने बाबांना एकच गोष्ट सांगितली. “पैशाचं तुम्ही बघा. बट योस्ट राहणार. त्यालाही एक वर्ष, आणि क्लबच्या डॉक्टरची ट्रीटमेंट. नाहीतर मी साइन करणार नाही.”

बोलणी आमच्या घरी ठरली. तेव्हा घरात दिवसाला एकाच पाहुण्याची परवानगी होती. अनिमेष परत आइंडहोवनला वेगळा राहायला गेलेला, म्हणजे सरकारच्या लेखी तोही पाहुणाच. त्यामुळे मंगळवारी आले ते फक्त क्लबचे संचालक हेंक, आणि समोर बसले आमचे हे, नीळकंठ.

आता हे ऑफिसात डच लोकांशी अगदी रोखठोक बोलतात. पण मुलाचा विषय निघाला, मी पोह्यांच्या बशा ठेवल्या, आणि यांच्या अंगात लग्नाच्या बैठकीतली मुलाकडची मंडळी संचारली.

हेंकनी वही उघडून विचारलं, “करारात तुमच्या काही अटी?”

हे हात जोडून हसले. “छे छे. आमची काही मागणी नाही. तुम्ही योग्य तेच कराल.”

हेंकनी ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. पोहे संपवून छान होते म्हणाले आणि निघून गेले.

बुधवारी सकाळी ईमेल आली. ‘वडिलांनी कळवल्यानुसार खेळाडूच्या कोणत्याही अटी नाहीत.’ दोन वर्षांचा करार. सोबत संघाची यादी, आणि सेंटरच्या जागी एक परकं नाव. शुक्रवारी पाचपर्यंत सही हवी, नाहीतर क्लब जर्मनीत खेळणाऱ्या एका अमेरिकन मुलाला घेणार.

अनिमेषचा चेहरा फोनवर पांढरा पडला होता. “बाबा, तुम्ही काय बोललात?”

“अरे, सुरुवात अशीच करायची असते. आपण नाही म्हणायचं, मग समोरचा म्हणतो, तरीपण काही असेल तर सांगा...”

“ही ओन्ली आस्क्स वन्स, बाबा! इथे सगळे एकदाच विचारतात. तुम्ही वीस वर्षं इथे आहात!”

“मला वाटलं, पोहे खाल्ल्यावर विचारतील.”

मला हसू येईना, रडूही येईना. यांनी दुपारी हेंकना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “तुमचा शब्द मी बोर्डाला कळवला आहे.”  शब्द मागे घेणं यांना जमत नाही. आमच्या लग्नात हॉलवाल्याने फसवलं तेव्हासुद्धा, एकदा बोललोय म्हणून गप्प राहिले होते.

गुरुवारी अनिमेषचा एवढाच मेसेज आला: मी सही करत नाहीये. त्याची आठ वर्षांची मेहनत त्या एका ओळीत होती. हे जेवले नाहीत. संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले. मी कीर्तन लावलं होतं.

“कुमुद, माझ्या मानापायी दोन पोरं बुडणार.”

“मग मान सोडा,” मी म्हटलं. “फोन करा आणि बोलवा त्यांना.”

शुक्रवारी चारला हेंक पुन्हा आले. बाहेर घोट्यापर्यंत बर्फ. त्या काळच्या रीतीप्रमाणे खिडकी उघडी, आणि तिच्याबाहेर, बागेत, टोपी कानावर ओढून अनिमेष उभा. आत यायची सोय नव्हती. मी पोहे केले नाहीत. नुसती कॉफी ठेवली.

हे उभेच राहिले. “मंगळवारी मी म्हणालो, आमची काही मागणी नाही. ते खरं नव्हतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात?”

“खोटं असं नाही...” यांनी खिडकीकडे पाहिलं. “हो. खोटं.”

“का?”

“आमच्याकडे तसं म्हणायची पद्धत आहे. समोरच्याने पुन्हा विचारायचं असतं.”

“कितीदा?”

“दोनदा. निदान.”

हेंक हसले नाहीत. घड्याळ पाहिलं. वही उघडली. “ठीक आहे. पुन्हा विचारतो. तुमची काही मागणी आहे?”

आणि सांगते तुम्हाला, यांचे हात सवयीने जोडायला वर निघाले! मी मागून कोट ओढला.

“आहे,” हे म्हणाले. “योस्ट. एक वर्ष. आणि उपचार.”

“त्याची फुप्फुसं मी नीट करू शकत नाही. आणि बोर्ड एवढा खर्च मान्य करणार नाही.” हेंकनी फोन उचलला आणि बोलत स्वयंपाकघरात गेले. साडेचार झाले. पावणेपाच. अनिमेष हातांवर फुंकर मारत होता. बाप-लेक एकमेकांकडे बघत नव्हते.

हेंक परतले. “दोघांना एकेक वर्ष. अनिमेषचं दुसरं वर्ष जाईल. याहून पुढे मी जाऊ शकत नाही.”

“येस,” खिडकीतून आवाज आला.

“थांब!” हे इतक्या जोरात म्हणाले की मीही दचकले. “मिस्टर हेंक, उपचाराचं काय? कागदावर कुठे आहे?”

“बोर्डाने मान्य केलंय. मी शब्द देतो.”

“शब्दाचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. लिहा.”

हेंकनी पेनाचं टोपण काढलं. मग करारावर पेनाने दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. पाचला सात मिनिटं बाकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवला, वर बर्फाचे कण पडत होते. अनिमेषची बोटं एवढी गारठली होती की पेन धरवेना. यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला. मग त्याने सही केली.

त्या उन्हाळ्यात योस्ट मैदानात उतरला. पहिल्या सामन्यात बॉल देऊन त्याने असा काही मार अंगावर घेतला की मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. तीन सामने खेळला. चौथ्यात ओणवा झाला तो उठलाच नाही. श्वास पुरेना. दुसऱ्या दिवशी स्वतःच जर्सी घडी करून देऊन आला. उपचार मात्र वर्षभर झाले, त्या दोन ओळींमुळे. आता तो जिना न थांबता चढतो. वर्ष संपलं तशी अनिमेषची जागा त्याच अमेरिकन मुलाला गेली. अनिमेष आता नीउ-व्हेनेप गावात मुलांना खेळ शिकवतो, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला सेंटरच्या जागी ओणवं उभं करतो.

क्लबच्या भिंतीवर त्या वर्षाचा फोटो आहे. तो शेवटच्या सामन्यानंतर काढला, म्हणून त्यात योस्ट नाही. म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. पुढे उभ्या असलेल्याला तुम्ही हार घालालच, जरूर घाला. पण त्याआधी क्षणभर योस्टची आठवण ठेवा. आमच्या दारात पार्सलीच्या आठ जुड्या ठेवून रस्त्यापलीकडून हात हलवणाऱ्या योस्टची.