उजव्या पायातला कछेरा

आमचे बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा त्यांच्या अंगावर दोन कछेरे होते. डाव्या पायात ओला, उजव्या पायात कोरडा. ॲम्ब्युलन्सवाल्याने खाली वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, यांनी दोन चड्ड्या अर्ध्या अर्ध्या का घातल्यात?"

आता याला काय सांगू? खुब्याचं हाड मोडलेला म्हातारा फरशीवर कण्हतोय, आणि मी दारात उभी राहून धर्म समजावतेय.

पण समजवावं लागलंच. अमृत घेतलेल्या, म्हणजे दीक्षा झालेल्या, शीख माणसाच्या अंगावर कछेरा कायम असतो, बाई असो की बुवा. पांढऱ्या सुती कापडाची, नाडीची, गुडघ्याच्या वर थांबणारी ढगळ चड्डी. आणि आमच्याकडची रीत अशी की ती कधीच पूर्ण उतरवायची नाही. अंघोळसुद्धा ती घालूनच. बदलताना एक पाय जुन्यातून काढायचा, नव्यात घालायचा, मगच दुसरा काढायचा. म्हणजे असा एक क्षणही येत नाही की माणूस कछेऱ्याशिवाय आहे. साठ वर्षं बाबांनी असा क्षण येऊ दिला नव्हता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बिनआधाराचे, एका पायावर, ओल्या फरशीवरसुद्धा नाही.

"बसून बदलता येत नाही का?" ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला.

"येतं," बाबा फरशीवरून म्हणाले. "पण मी काय म्हातारा आहे?"

डाव्या पायातला ओला कछेरा ॲम्ब्युलन्सवाल्याने कात्रीने कापून काढला. उजव्यातला राहिला. बाबांनी जाताना स्ट्रेचरवर हात घालून तो चाचपला आणि मगच डोळे मिटले.

बाबा शिंपी. मीही शिंपीण. ते मला लहानपणापासून बॉबिन म्हणतात, कारण मी सतत गरगर फिरायचे आणि मधेच गुंता करायचे. दुकानात आम्ही फक्त कछेरे शिवतो. जुन्या पद्धतीचा मोठा कछेरा म्हणजे साडेतीन मीटर कापड; एवढ्यात दुकानाला पडदा होईल. दोन रुंद पाय, मधे मियानीचा, म्हणजे मांड्यांच्या जोडावरचा, चौकोनी तुकडा, वर नेफा, नेफ्यात नाडी. नाडी ओढली की सगळं कापड चुण्या होऊन कमरेला गोळा होतं. आणि माप घ्यायची बाबांची पद्धत जगात कुठे नसेल. टेप नंतर. आधी गिऱ्हाइकाला एका उंच स्टुलावर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचं.

"बसा घोड्यावर!"

बँकेतला कॅशियर बसायचा, दातांची डॉक्टरीण बसायची. "हा शिपायाचा पोशाख आहे," बाबा म्हणायचे. "घोड्यावर मांड ठोकता आली पाहिजे. घोडा नाही, तो वेगळा प्रश्न." मग ओरडायचे, "पळवा!" आणि कॅशियर बिचारा स्टुलावर बसून हलायचा. मियानी कुठे ओढते ते बाबा बघायचे.

हजारो कछेरे शिवले त्यांनी. स्वतःचे मात्र दोनच. एक अंगावर, एक दोरीवर. "तिसरा म्हणजे हाव," म्हणायचे. दोनातला एक ॲम्ब्युलन्सवाल्याने कापला होता. राहिला एक.

हॉस्पिटलमध्ये दादा आधीच पोचला होता. माझा मोठा भाऊ. विम्याच्या कचेरीत फॉर्म तपासायच्या खात्याचा साहेब. लोकांचे दावे बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवून नाकारायचे, हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. बाबांशी तो कामापुरतं बोलतो. काम वर्षातून एखादंच निघतं.

याचं कारणही कछेराच. दादा सोळा वर्षांचा असताना शाळेने पोहणं सक्तीचं केलं. दादाने नुकतंच अमृत घेतलं होतं, तो कछेऱ्यावर पाण्यात उतरला. साडेतीन मीटर कापडात हवा भरली. पोरगं बुडेना. पांढरा फुगा वर, डोकं खाली. अख्खा वर्ग काठावर लोळून हसला. पुढच्या वेळी दादाने कुणाची तरी घट्ट चड्डी मागून घातली आणि कछेरा अर्धा तास बाकावर ठेवला. हे बाबांना कळलं. कुणी सांगितलं ते नंतर सांगते.

चूक झाली की गुरुद्वाऱ्यात पंज प्यारे, म्हणजे संगतीने, तिथल्या भाविकांनी, निवडलेले पाच जण, यांच्यापुढे उभं राहून कबूल करायचं आणि ते सेवा सांगतील ती करायची. त्या पाचांत एक बाबा होते. बाकीचे चौघे म्हणाले, पोर आहे, पाच दिवस जोडे पुसू दे. बाबा म्हणाले, चाळीस. आपल्या पोराला सूट दिली म्हणतील. दादाने चाळीस दिवस संगतीचे जोडे पुसले. शेवटच्या दिवशी बाबा जोडेघरात आले, स्वतःचा जोडा उचलून उलटा केला आणि म्हणाले, "टाचेला राहिलंय." मी नऊ वर्षांची, शेजारी बसले होते. मी बघितलं होतं. टाचेला काहीही राहिलं नव्हतं. दादाने ती पुन्हा पुसली.

एक्केचाळिसाव्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला.

तर, हॉस्पिटल. सर्जन बाई समजूतदार निघाल्या. "डावा खुबा आहे ना? मग उजव्या पायात राहू दे. मांडीशी गुंडाळून बांधा. मला काय अडचण?" बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. मी कछेरा गोल गुंडाळला, त्याचीच नाडी मांडीला बांधली. गाठ बाबांनी स्वतः मारली.

"राहील ना गं?"

"राहील, बाबा. डॉक्टरांनी शब्द दिलाय."

"डॉक्टर कापाकापीत असतील. तू बघ."

पण मला रक्ताच्या बाटलीसाठी दुसऱ्या इमारतीत पिटाळलं, आणि फॉर्म भरायला दादा थांबला. पुढचं मला वॉर्डातल्या सिस्टरने नंतर सांगितलं, अगदी आवाज काढून.

फॉर्मवर रकाने होते: अंगठी, बांगडी, चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, इतर दागिने. बाबांच्या मनगटातलं लोखंडी कडं 'बांगडी'त गेलं, न काढता वर चिकटपट्टी लावा अशा शेऱ्यासकट. कछेऱ्याला रकाना नव्हता.

"कपड्यांचा रकाना नसतो," कारकून म्हणाला. "कपडे सगळे काढतातच."

"हा काढायचा नाही म्हणून तर लिहायचाय," सिस्टर म्हणाली.

"मग 'इतर दागिने'त टाकतो." आणि त्याने लिहिलं: इतर दागिने, नग एक, कापडी, पांढरा. दादाने सही केली. त्याच रकान्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं: इतर दागिने काढून, पाकिटात बंद करून नातेवाइकांच्या ताब्यात देण्यात येतील.

ऑपरेशन थिएटरमध्ये लोक फॉर्म वाचतात हो. तिथे कुणी चुकत नाही. सर्जन बाई हात धुवून येईपर्यंत थिएटरच्या माणसाने यादी हातात घेऊन दागिना शोधला. गाठ सुटेना. बाबांची गाठ ती. त्याने कात्री घेतली.

मी परत आले तेव्हा दादाच्या मांडीवर पाकीट होतं. त्यावर लाल शिक्का: मौल्यवान वस्तू. आत कापलेला कछेरा, नीट घडी घातलेला.

"हे काय, दादा?"

"दागिना," दादा म्हणाला.

भांडायला वेळ नव्हता. ऑपरेशन दोन-अडीच तासांचं. घर दहा मिनिटांवर. घरी जाऊन दोरीवरचा आणावा म्हटलं तर दोरी रिकामी. तिसरा म्हणजे हाव! मी दुकान उघडलं, बाबांच्या मापाचा खाकी कागद काढला, कापड फाडलं आणि मशीनवर बसले. आयुष्यात इतकं मन लावून शिवलं नसेन. दुहेरी शिवण, बाबांसारखी, टाक्याला टाका. नाडीसुद्धा जुनीच ओवली, कापलेला तुकडा नेफ्यात लपवून.

बाबा अजून गुंगीत होते. मी आणि सिस्टरने तो उजव्या पायात चढवला, गुंडाळला, बांधला. बाबांनी डोळे उघडले ते हात चादरीखाली घालतच.

"पायात राहिला ना?"

मी चादर सारखी करायला लागले. दादा म्हणाला, "राहिला."

बाबांची बोटं कापडावरून फिरत राहिली. बराच वेळ. मग म्हणाले, "बरं."

मला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होते.

"बॉबिन, ही शिवण कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुमची."

"माझी शिवण दोन वर्षांत इतकी सरळ आलेली नाही."

मी पुढचा चमचा भरला.

"माझा हात थरथरतो. माझी शिवण गांडुळासारखी जाते. अंगावरच्या दोन्ही कछेऱ्यांच्या शिवणी तशाच होत्या, मी रोज हात लावायचो. गिऱ्हाइकांच्या मात्र सरळ जातात. कशा जातात? मी दुपारी आडवा झालो की तू उसवतेस आणि पुन्हा घालतेस."

"तुम्ही झोपलेले असता…"

"म्हातारा झालोय, बहिरा नाही. उसवताना दोऱ्याचा आवाज येतो. टर्र, टर्र. दोन वर्षं ऐकतोय." त्यांनी पेज बाजूला सारली. "मी म्हटलं, पोरीला वाटतंय मला कळत नाही, तर वाटू दे. आता सांग. कधी काढला?"

मी सांगितलं. पाकिटासकट. साठ वर्षांचा हिशोब एका कारकुनाने दागिन्यांत टाकला होता.

संध्याकाळी दादा फळं घेऊन आला.

"सही तुझी?" बाबांनी विचारलं.

"माझी."

"खालचं वाचलं नव्हतंस?"

दादाने सफरचंदं एकेक करून कपाटावर मांडली. देठ सगळे एका बाजूला.

"मी न वाचता सही करत नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

दोन महिन्यांनी बाबा चाकांच्या खुर्चीत बसून त्या पाचांसमोर हजर झाले. पाचही आता नवे, बाबांच्यापेक्षा लहान. त्यातला कॅशियर तर आमच्या स्टुलावरून घोडा पळवून गेलेला. बाबांनी हात जोडून सगळं सांगितलं.

"अहो मास्तर," कॅशियर कळवळून म्हणाला, "तुम्ही शुद्धीत होता का? नव्हता. यात तुमची चूक ती काय? आणि एक पाय आत ठेवायचं कुठे लिहिलंय? ती तर रीत आहे."

"सेवा सांगा."

"बरं, एक पाठ जास्त करा. झालं."

"चाळीस दिवस जोडे सांगा."

"या खुर्चीत बसून? काहीतरीच काय!"

"सोळा वर्षांच्या पोराला दिले होते," बाबा म्हणाले. "तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कुठे लिहिलंय म्हणून."

खुर्ची तिथून हलेना. शेवटी पाचही जण कंटाळून हो म्हणाले.

मग काय, चाळीस दिवस मी खुर्ची ढकलत जोडेघरात नेली. थरथरत्या हाताने जोडा पुसणं म्हणजे आपोआप पॉलिश होतं, असं बाबाच म्हणाले. लोक लाजून जोडे लपवायला लागले. दातांची डॉक्टरीण अनवाणी यायला लागली. एकाने पिशवीत घालून आत नेले. बाबा चिडायचे, "माझी शिक्षा चोरू नका!" मी मधल्या काळात दादाला फोन केला. म्हटलं, ये एकदा, म्हातारा मरेल असा. तो म्हणाला, "कितवा दिवस?" मी म्हटलं, एकोणीस. त्याने फोन ठेवला.

त्याच फोनवर सांगायचं होतं, की पोहण्याच्या तलावाची चुगली बाबांकडे मी केली होती. पाच मिनिटं लाड झाले होते माझे त्याबद्दल. पण त्याने फोन ठेवला होता, आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

चाळिसाव्या दिवशी तो आला. कडक इस्त्री, नवे काळे बूट. जोडेघराच्या दारात उभा राहून त्याने बूट काढले आणि बाबांच्या मांडीवर ठेवले. आत गेला नाही. मोज्यांवर तसाच उभा राहिला. बाबांनी पुसले. वरून, बाजूने, शिवणीत फडकं घालून. जोड लावून पुढे केले.

दादाने डावा बूट उचलला, उलटा केला.

"टाचेला राहिलंय."

मी बघितलं. टाच आरशासारखी होती. बाबांनीही बघितली, डोळ्यांजवळ नेऊन. मग फडकं झटकलं आणि ती पुन्हा पुसली. सावकाश, पूर्ण.

दादाने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि गेला. फाटकापर्यंत त्याच्या टाचांचा आवाज येत होता.

मी खुर्ची वळवली. बाबा फडक्याची घडी घालत होते.

"दहा नंबरचा बूट," ते म्हणाले. "सोळाव्या वर्षी आठचा होता."