जांभळं पाणी आलं तो दिवस

मित्रांनो, मी एका तलावात राबणारं जुनं पाणचाक आहे. माझा तलाव शहराच्या सांडपाण्याचा. एका फिटरकाकांनी मला पत्र्याची आठ पाती जोडून घडवलं. पाणी सतत हलतं ठेवायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे तलावातल्या सगळ्या शेवाळाला ऊन मिळतं. ते पाण्यातली घाण खाऊन वाढतं आणि पाणी स्वच्छ होतं. वाढलेलं शेवाळ गाळून त्याचं तेल काढतात. त्या तेलावर आमचा ट्रॅक्टर चालतो! सुरुवातीला पाहुणे यायचे, माझे फोटो काढायचे. पुढे मला ग्रीस द्यायचंही लोक विसरले.

एका दुपारी तलावात जांभळं पाणी शिरलं. कोणीतरी गटारात रंगाचं रसायन ओतलं होतं. बघता बघता हिरवं शेवाळ तपकिरी पडू लागलं. तलाव सांभाळणाऱ्या ताई धावत आल्या, मागोमाग फिटरकाका. ताईंनी येणारं पाणी राखीव टाकीत वळवलं.

"काका, चाक थांबवा! ते फिरतंय तोवर विष पसरतंय."

"अहो, चाकाचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, पार झिजलाय. थांबलं तर पुन्हा फिरेल की नाही, देव जाणे."

"थांबवा."

काकांनी बटण दाबलं. चौदा वर्षांत मी पहिल्यांदाच थांबलं.

तेवढ्यात पालिकेतल्या साहेबांचा ताईंना फोन आला. "सगळं नदीत सोडा आणि मोकळे व्हा."

ताई म्हणाल्या, "नदीकाठच्या खालच्या गावांतली माणसं ते पाणी पितात, साहेब. मी नाही सोडणार."

पलीकडच्या टोकाला पाणी अजून हिरवं होतं. ताई आणि काका गुडघाभर पाण्यात उतरले. बादल्यांनी ते हिरवं पाणी बियाणं म्हणून पिंपांत भरू लागले. जांभळी कड इंचाइंचाने पुढे सरकत होती. मी नुसतं बघत होतं. सहावं पिंप भरलं आणि कड त्यांच्या पायांशी पोचली.

ताईंनी पिंपातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"शेवाळ जिवंत आहे," त्या म्हणाल्या.

विषारी पाणी टँकरने उपसून नेलं. तलाव धुऊन त्यात चांगलं पाणी घेतलं, पिंपं ओतली. मग माझी पाळी आली.

"फीर रे बाबा," काका पुटपुटले.

मी करकरलं. एक पातं तुटून पाण्यात पडलं. क्षणभर सगळं थांबलं, आणि मी फिरलं! ताई ग्रीसचा डबा आणायला धावल्या.

मित्रांनो, गटारात काहीही ओतण्याआधी हात आवरा. पाणी दिसेनासं होतं, पण ते कुणाच्या तरी पायांशी येऊन पोचतंच.