पट्टी उघडण्याचा दिवस

सिंधूताईंनी प्रयागबाईच्या पट्टीची गाठ सोडली आणि कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापणीवरून हलकेच फिरवला.

"घाईनं उघडू नका हं."

कुही गावच्या शाळेत नागपूरच्या क्लबनं भरवलेल्या नेत्रशिबिराचा हा सातवा दिवस. बाकं बाहेर काढून वर्गांत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर बेचाळीस म्हातारी माणसं उताणी पडून होती. मोतीबिंदू काढल्यावर मान हलवायची नाही, म्हणून सिंधूताई रोज त्यांना चमच्यानं पेज भरवत, धरून उठवत, अंग पुसत. शिबिराची सुरुवात त्यांच्या यजमानांनी केली होती. ते जाऊन चार वर्षं झाली. तरी दर हिवाळ्यात क्लबची स्वयंसेवकांची यादी निघे आणि त्यांना न विचारताच त्यांचं नाव तिच्यात असे. यंदा त्यांनी अध्यक्ष केशवरावांना सांगून टाकलं होतं, "पुढच्या वर्षी मला धरू नका." केशवराव हसले होते. "वहिनी, तुमच्याशिवाय शिबिर होतं का कधी?"

प्रयागबाईचा डावा डोळा गावठी औषधानं कधीच गेला होता. हा एवढाच उरलेला. डॉक्टरांनी त्यावर जाड भिंगांचा चष्मा चढवला आणि समोर बोटं धरली.

"किती आहेत, आजी?"

सिंधूताईंच्या हातातला कापूस ठिबकत राहिला.

"आजी, बोटं किती?"

"तीन हायेत गा. दिसून राहिले मले. थांब जरा."

तिनं हळूच मान वळवली आणि सिंधूताईंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तूच का वं मले पेज चारे?"

"हो, मीच."

"आवाजावरून मले वाटे, तरणी असशील. केवढी थकली वं माय तू! घरी कोनी सांगत नाही का तुले?"

सिंधूताई नुसत्या हसल्या आणि कापूस पिळू लागल्या. प्रयागबाई अंग चोरून बाजूला सरकली आणि तिनं सतरंजीवर थाप मारली.

"बस."

"अजून अकरा पट्ट्या राहिल्यात."

"राहू दे. बस म्हनलं ना."

डॉक्टरांनी कापसाचं भांडं उचललं आणि ते पुढच्या सतरंजीकडे गेले. सिंधूताई बसल्या. मग त्यांनी पाय लांब केले. खिडकीतल्या उन्हानं भिंत उबदार झाली होती. त्यांनी तिला पाठ टेकली.

तासाभरानं केशवराव फोटोग्राफरला घेऊन दाराशी आले.

"वहिनी, चला लवकर! ग्रुप फोटो राहिलाय!"

प्रयागबाईनं जाड भिंगांतून त्यांच्याकडे डोळा वटारला.

"हळू बोल गा," ती म्हणाली, "आत्ताच डोळा लागला तिचा."