एकच कोयता धरा

नगरला निघाल्यापासून हनुमंतचं एकच पालुपद चाललं होतं, की आता आपला चिमटा परदेशी जाणार. सोनईत एसटीत बसल्याबसल्या त्याने केनिया काढलं, घोडेगाव यायच्या आत फिलिपिन्स. पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावातून एके काळी ऊसतोडीला निघालेला हा माणूस जिल्ह्याबाहेर कधी गेला नव्हता, आणि केनियातला ऊस किती उंच वाढतो ते शेजारच्या प्रवाशाला सांगत होता. मनकर्णा हसू दाबून ऐकत होती. तिला आपल्या नवऱ्याचं कौतुकच वाटत होतं. अकरा महिन्यांपूर्वी भारतात पेटंटचा अर्ज टाकला, तेव्हापासून गडी दहा वर्षांनी तरणा झाला होता.

चिमटा म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हे. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून ट्रकात चढवायची, हे काम बायांनी मान मोडेस्तोवर करायचं. मनकर्णाने ते अठरा हंगाम केलं. एकदा कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीत, सांडशीने पातेलं उतरवताना तिच्या ध्यानात आलं, की पातेलं जड असलं की सांडशी आणखी आवळते. दुसऱ्या दिवशी तिने दोन मोडके कोयते तारेने एकमेकांना बांधले, वर दोर लावला आणि त्यात मोळी लटकवून दाखवली. बाकीच्या बाया खो खो हसल्या. पुढे हनुमंतने तोड सोडून सोनईत वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि त्या तारेच्या खेळाचा लोखंडी चिमटा झाला. आता मोळी कप्पीवरून वर जाते आणि बाई खाली उभी राहून दोर ओढते.

गावात हनुमंतचा सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, लोक त्याला 'संशोधक' म्हणू लागले. मनकर्णा बायांच्या घोळक्यात बसून टाळ्या वाजवत होती. शाल दोघांची आणि खांदा एकाचा, एवढंच तिच्या मनात होतं.

नगरच्या सावेडीतल्या ऑफिसात पेटंटचं काम बघणाऱ्या रेश्मा मॅडमनी दोघांना बसवलं, चहा मागवला आणि त्या थेट मुद्द्यावर आल्या.

"मुदतीला वीस दिवस राहिलेत. एक आंतरराष्ट्रीय अर्ज टाकला की बहुतेक देशांत तुमची जागा धरून राहते. कुठल्या देशात जायचं ते ठरवायला आणखी दीड वर्ष मिळतं. पण वीस दिवसांनंतर आलात तर आपली भारतातल्या अर्जाची मूळ तारीख हातची गेली. खर्च मी सांगितलाच आहे. टाकायचा का?"

"टाकायचा का म्हंजे? टाकायचाच!" हनुमंत खुर्चीत पुढे सरकला.

"मग एक सांगा, हनुमंतराव. बाहेरचे तपासणारे पहिलं हेच विचारणार, की पकड तर जगभर आहे, ह्यात नवं काय? ह्या आराखड्यात चिमट्याचा खालचा ओठ तुम्ही आत वळवलाय. तो नेमका एवढाच का?"

हनुमंतने घसा खाकरला, आराखड्याकडे बघितलं. "ते... तसंच बसतंय ते."

"पण का?"

मनकर्णाला राहवलं नाही. "बारीक ऊस मदनं निसटतो, मॅडम. मोळीत सगळा ऊस एकसारका नसतो. मूठ आवळली की करंगळी कशी आत जाती? तसा वळवलाय. म्या आदी तार हातावर वाकवून बघितली, मंग ह्यांनी तसं लोखंड वाकवलं."

मॅडमचा पेन हातातच राहिला. "म्हणजे हा विचार तुमचा?"

"व्हय. आन् सांडशीचा बी. कागदावर हायच की आमचं नाव. ह्यांनी माजं आधार कार्ड आनलं हुतं."

मॅडमनी फाईल उघडली. कागद इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी वाचून दाखवला. संशोधक एक. हनुमंत. खाली त्याचा पत्ता, त्याची सही. आधार कार्डाची झेरॉक्स मागे टाचणीने लावलेली होती आणि तिचा कुठेच उपयोग केलेला नव्हता.

मनकर्णाला पहिल्यांदा काही कळलंच नाही. कपातला चहा बशीत सांडला तरी तिला भान नव्हतं. "आवं, हे काय?" एवढंच ती म्हणाली.

"मी विचारलं होतं," मॅडमही हबकल्या होत्या. "संशोधक किती, म्हणून विचारलं. हे म्हणाले, आम्ही दोघं, पण कोयता एकच, एकच धरा. मला वाटलं, चिमटा एका कोयत्यापासून केलाय असं सांगताहेत."

नगर शहरात वाढलेल्या बाईला कसं माहीत असणार? तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, बायको त्यातच आली, तिला वेगळं कोण विचारतं! अठरा वर्षं मनकर्णा अशीच एका नावात निम्मी राहिली होती. हनुमंत सवयीने बोलला आणि मॅडमनी सवयीने लिहिलं. चूक होती ती, लबाडी नव्हती. हे लक्षात आलं आणि मनकर्णाचा जीव भांड्यात पडला. तिने पदराने बशीतला चहा पुसलासुद्धा.

"मंग आता घाला की माजं नाव," ती म्हणाली.

"घालावंच लागेल. पण नीट ऐका. विचार ज्याच्या डोक्यात आला, तो संशोधक. नुसतं वेल्डिंग केलं म्हणून नाव लागत नाही. बाहेर अर्ज करताना हे खरं सांगावं लागतं, काही देशांत तर शपथेवर. आणि आता मला कळलंय, त्यामुळे इथला अर्जही दुरुस्त करावा लागेल. तसाच ठेवला तर उद्या कुणीही तो पाडू शकेल. दुरुस्ती करायची, किंवा सगळंच मागे घ्यायचं. तिसरा रस्ता नाही."

हनुमंत उठून खिडकीपाशी गेला. पाठमोरा उभा राहिला. मनकर्णाला वाटलं, बिचाऱ्याला लाज वाटली असेल.

"सोडून द्या मंग," तो म्हणाला.

"काय सोडून द्या?" मॅडमनी विचारलं.

"सगळंच. बाहेरचं बी न्हाई, हितलं बी न्हाई. गावानं शाल घातली मला. आता तिच्या नावावर झालं तर म्या दुकानात तोंड कसं दाखवू?"

मनकर्णाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. तासाभरापूर्वी केनिया केनिया करणारा हाच माणूस? आपल्या बायकोचं होण्यापेक्षा कुणाचंच न झालेलं बरं, असं म्हणणारा? हा आपला नवरा आहे हे तिला स्वतःला सांगावं लागलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"न्हाई सोडायचं," ती म्हणाली. "मॅडम, ल्ह्या. चिमटा माजा. वळवलेला ओठ माजा. पर वर गेल्याव मोळी सुटंना, तवा सोडायचा खटका ह्यांनी शोधला. त्यो इचार ह्यांचाच, म्या साक्षीला हुते. खरं ल्ह्यायचं तर सगळंच खरं ल्ह्या. दोघांची नावं. हितं बी आन् बाहेर बी."

"खटका अर्जात आहे," मॅडम पानं चाळत म्हणाल्या. "मग दोघंही संशोधक. अगदी बरोबर."

हनुमंतने मान वळवून बायकोकडे बघितलं. चेहरा असा पडला होता, जणू कुणी भर बाजारात थोबाडीत मारलीये. तो मुकाट्याने खुर्चीत येऊन बसला. मॅडमनी कागद पुढे केले. त्याने सही केली, तिने तिच्या मोठाल्या अक्षरात सही केली.

"झालं न्हवं आता?" तो हळूच म्हणाला. "चूक हुती ती, मिटली. आता राग धरू नगं."

मनकर्णाने पेन टेबलावर ठेवला.

"नाव ऱ्हायलं ती चूक हुती, ती मॅडमनी दुरुस्त केली," ती म्हणाली. "सोडून द्या म्हनलात, ते कुठल्या कागदावर दुरुस्त करू?"

रेश्मा मॅडम खाली बघून सह्यांचे कागद क्रमाने लावत राहिल्या.