गाडी सुटायच्या आधी अजगर

मी एक अजगर चाळीस मिनिटांत मरताना पाहिला आहे. परळीत, माझ्याच हॉलमध्ये, चटईवर. कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये. मी तिथं हजर होतो म्हणून मला ठेवावा लागतो, एवढंच.

राधाकिशन, हसू नको बे. थर्मलच्या वीजकेंद्रात तीस वर्षं आपण शेजारी बसून काढली, तू माझी एक तरी गोष्ट खरी मानलीस का? मग आजच कावून मानशील? चहा पी आणि ऐक. राजनंदिनी तिथं दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली आहेच. काही चुकलं तर ती सांगेल.

तर हा खेळ माझ्या या नातीनं, राजनंदिनीनं, होस्टेलवरून आणलेला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. बाण लागला की हुकला हे फासा ठरवतो, आणि त्या फाशाला वीस तोंडं. रावणाला दहाच होती, तेवढ्यात लंका गेली. तेव्हा विचार कर.

दर रविवारी जेवणं झाली की चौघं बसायची. राजनंदिनी गोष्ट चालवायची. सतीश तिरंदाज; तो तलवाड्याचा, परीक्षेच्या अभ्यासासाठी इथं खोली करून राहायचा. पंचशीला दवाखान्यात नर्स, खेळात मात्र कुऱ्हाडवाली. आणि चौथी माझी बायको मंजुळाबाई, वय अडुसष्ट, जादूगारीण. घरात ती पहिल्यापासूनच होती, आता कागदावर आली.

गोष्ट मोठी झकास धावायची. पण लढाई लागली की चाक चिखलात. सतीशची पाळी आली की तो नियमांचं पुस्तक उघडायचा. पंचशीला मोबाईलमधून मान वर काढायची, "आता कोण मेलं?" मंजुळा म्हणायची, "बाई, पहिल्यापासून सांग." एकदा सात पिशाच्चं होती. राजनंदिनीनं प्रत्येकाचा फासा वेगळा टाकला, वेगळा लिहिला. पोटभर जेवून बसलेली माणसं तिसरं पिशाच्च पडेपर्यंत पुन्हा भुकेली झाली. एक पिशाच्च तर पाळीची वाट बघून बघून म्हातारं होऊन आपोआप मेलं. त्याचे पिकलेले केस मी पाहिलेत.

अशात सतीशला बँकेची नोकरी लागली. कुठं, तर शिलाँगला. रविवारी संध्याकाळी पावणेसहाची गाडी.

आणि गोष्ट अजून अर्धी. तिच्यात एक राखेचा अजगर होता. तिरंदाजाचं अख्खं गाव त्यानं राखेखाली गाडलं होतं. राख राजनंदिनीला कुठून सुचली हे थर्मलची राख रोज अंगावर घेणाऱ्या परळीच्या माणसाला सांगायला नको.

शनिवारी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, अजगराला कमीत कमी तीन तास लागतेत. आमच्याजवळ एक बी न्हाई."

"मग राहिलेलं फोनवर खेळा."

"फोनवर न्हाई. समोर बसून संपवायचंय. दोन वर्षं झाली, तो म्हणतोय, गाव सोडवल्याबिगर मी कुठंच जात न्हाई. आन् आता तसंच सोडून चालला. मला त्याला दुसरं काही देता येत न्हाई आबा. शेवट तरी द्यायचाय."

"दुसरं कावून देता येत न्हाई?"

ती भिंतीकडं बघायला लागली. मग मी भिंतीबद्दलच बोललो. रंग द्यायला हवा म्हणालो.

मागच्या पडवीत मंजुळा चुलीवर ज्वारीच्या भाकरी करत होती. तिचे कान चुलीपाशी असले तरी घरभर हिंडतात.

"हिकडं ये गं," तिनं हाक मारली. "बघ. एक हातात थापती, एक तव्यावर, एक निखाऱ्याच्या आरावर फुगती. थांबती का मी? आरावरची उतरली की तव्यावरची तिथं आन् हातातली तव्यावर. तुझ्या खेळात पहिली उतरेस्तोवर दुसरीचं पीठ बी मळलेलं नसतंय."

राजनंदिनी उकिडवी बसून बघत राहिली. एक भाकर टम्म फुगली, उतरली. दुसरी गेली. तिचे ओठ हलत होते, मोजत होती.

"आन् ती सात पिशाच्चं," मंजुळा म्हणाली, "एकेक दाणा निवडतीस व्हय? सुपात घे, एकदाच पाखड."

रविवारी सतीश सव्वाचारला बॅग घेऊनच आला. सव्वापाचला त्याला निघायचं होतं. गोष्टीतल्या गावात अजगरापर्यंत पोचण्यातच वीस मिनिटं गेली. मग राजनंदिनीनं चटईवर हात आपटला.

"ऐका. ज्याची पाळी तो आरावर. त्याच्या पुढचा तव्यावर, त्यानं काय करायचं ते ठरवून तयार पायजे. त्याच्या पुढचा हातात, त्यानं विचार करायचा. आरावर येऊन जो गप बसला त्याची भाकर करपली. पाळी गेली."

पहिलाच सतीश. सवयीनं पुस्तक उघडलं.

"करपली!" मंजुळा ओरडली.

"आजी, एक मिनिट..."

"आरावर मिनिट नसतंय बाबा. पंचशीला, हाण!"

पंचशीलानं मोबाईल उशीखाली कोंबला आणि कुऱ्हाड हाणली. तिचा फासा थांबतो न थांबतो तोच मंजुळानं वीज पाडली. सतीशनं पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. अजगराची बारा पिल्लं होती. राजनंदिनीनं सगळ्यांचा मिळून एकच फासा टाकला, सहा आडवी झाली.

"राहिलेली पळाली म्हण," मंजुळा म्हणाली. "ऊसतोडीचा मुकादम लोळाय लागल्यावर टोळी थांबती व्हय?"

"पळाली!" राजनंदिनी म्हणाली.

काय सांगू तुला. चटईवर नुसती धूळ उडत होती. अजगराच्या फुत्कारानं माझ्या हातातला गार चहा परत उकळला. कपाची दांडी वितळली, तो कप दाखवला असता, पण बोहारणीला दिला. मला काम एकच, घड्याळ बघायचं. चार पन्नास. पाच. पाच दहा.

अजगराचा शेवटचा श्वास उरला होता आणि आरावर सतीश. पंधरा किंवा वर पडलं तर अजगर मेला. खाली पडलं तर तो निसटला, गाव गाडलेलंच राहिलं आणि दुसऱ्या फेरीला वेळ नव्हता.

सतीशनं या वेळी पुस्तक मागितलं नाही. तो राजनंदिनीकडं बघत होता. "डोळ्यात मारतो," म्हणाला आणि फासा टाकला.

फासा चटईवरून उडाला, फरशीवर टणटणला आणि दिवाणाच्या बाजूला दिसेनासा झाला.

कोणी हलेना. दिवाणाजवळ मीच होतो. बहात्तर वर्षांचे गुडघे, तरी पोटावर आडवा झालो, डोकं आत घातलं.

"वीस!" मी आतूनच ओरडलो.

पंचशीलानं मंजुळाला उचलली. मी दिवाणाखालून बाहेर येईपर्यंत राजनंदिनी माझ्याकडं बघत होती, मग बोलायला लागली. अजगर कसा कोसळला, राखेतून एकेक माणूस कसा उठला, केस झटकत, पोरांची तोंडं पुसत, आणि तिरंदाजाला नावानं हाका मारत. सतीशनं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं होतं.

मग तो उठला, बॅग घेतली, मंजुळाच्या पाया पडला. दारात राजनंदिनीसमोर थांबला.

"सुटलं गाव," म्हणाला.

"हं. आता जा. गाडी सुटंल."

त्याला गाडी मिळाली. तेव्हापासून दर रविवारी शिलाँगहून त्याचा फोन येतो. आधी माझ्याशी बोलतो, म्हणतो, "आबा, त्या विसानं मला बळ दिलं." मग फोन तिच्याकडं जातो आणि तासभर परत येत नाही. दिवाळीला येतो आहे, आईवडिलांना घेऊन. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

म्हणून म्हणतो राधाकिशन, फासा माणूस ओळखतो. वीस म्हणजे वीस. पार आतल्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, लखलखीत, या माझ्या दोन डोळ्यांनी...

"आबा," राजनंदिनी शेंगांवरून मान वर न करता म्हणाली, "दिवाणाखाली फासा न्हवताच. माझ्या पायाखाली होता. आन् तीन पडलते."