कपाट, पांढरे, दोन दारांचे

मित्रांनो, मी एक जुने शीतकपाट आहे. माझ्या अंगावरच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, रबराच्या पट्ट्या लोंबत आहेत. डाव्या दाराची बिजागरी मात्र अजून नव्यासारखी घट्ट आहे. ती का, हे पुढे सांगेनच.

कारखान्यातून निघताना मला वाटले होते, आपल्या नशिबी दूध आणि भाजी. पण मला एका शेती संशोधन केंद्रात नेले आणि माझ्या पोटात घेवड्याचे बी ठेवले. तीनशे अठरा वाण, पत्र्याच्या तीनशे अठरा डब्या. लाल, पिवळे, तांबूस रेघांचे, करड्या ठिपक्यांचे. त्यांतले कितीतरी वाण शेतांतून केव्हाच नाहीसे झाले होते आणि फक्त माझ्यापाशी उरले होते.

बी निर्जीव नसते. ते झोपलेले असते आणि झोपेतही श्वास घेते. थंड, कोरड्या जागी तो श्वास मंदावतो आणि बी वर्षानुवर्षे टिकते. उबेत आणि ओलीत ते दोन-तीन वर्षांत संपते. माझे काम एवढेच होते : चार अंश राखणे. रात्रंदिवस मी चार अंश राखले.

या डब्या सांभाळणाऱ्या बीजतपासनीस बाईंना सगळे ताई म्हणत. वयाने मोठे केंद्रप्रमुखही ताईच म्हणत. दर सहा महिन्यांनी ताई एकेका डबीतले वीस दाणे ओल्या टिपकागदात गुंडाळत आणि आठव्या दिवशी कागद उलगडून मोड मोजत. वीसपैकी अठरा आले की स्वतःशीच हसत आणि माझ्या दारावर हलकी थाप मारत. मला तेवढे कौतुक पुष्कळ होते.

दोनशे सातव्या डबीत काळा-पांढरा घेवडा होता. तो ताईंच्या सासूबाईंच्या परसातला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर सासूबाईंनी सगळे बी ताईंच्या हाती दिले आणि बजावले, सरकारी कपाटात ठेवतेस तर ठेव, पण मागेन तेव्हा परत आणायचे. ताईंनी शब्द दिला.

आता आमच्या घरची रचना सांगते. आमच्या केंद्राच्या वर एक संस्था, तिला संचालक. अशा अनेक संस्था. कुणी भाताची, कुणी गुरांची, कुणी माशांची. त्यांच्या वर विषयांच्या शाखा, प्रत्येक शाखेला उपमहासंचालक. त्यांच्या वर परिषद, महासंचालक, आणि वर्षातून दोनदा बसणारे नियामक मंडळ. प्रश्नांनी खालून वर जायचे, उत्तरांनी वरून खाली यायचे. केंद्रप्रमुखांच्या भिंतीवर या साऱ्याचा तक्ता होता. अगदी खालच्या चौकटीत आमचे केंद्र. चौकटीच्या आत काय आहे, ते लिहायला जागा नव्हती.

आमच्या भांडारपालांचे अक्षर मोत्यासारखे. जुने डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे केंद्राच्या सामानाची नोंदवही, भरले तेव्हा त्यांनी सगळ्या नोंदी नव्यात उतरवल्या. जुन्या पानावर ‘शीत’ हा शब्द ओळीच्या टोकाला, शिलाईच्या घडीत दबला होता आणि ‘कपाट’ खालच्या ओळीवर. नव्या रजिस्टरात मी असे उतरले : कपाट, पांढरे, दोन दारांचे, नग एक.

दर वर्षी पडताळणी समिती येई. एक जण नोंद वाची, दुसरा माझ्याकडे पाहून “आहे” म्हणे, तिसरा खूण करी. मग तिघे सही करत. नऊ वर्षांत नऊ समित्या आल्या. एकीनेही दार उघडले नाही.

दहाव्या वर्षी माझ्या नळीतून वायू गळला. पंखा फिरत राहिला, पण गारवा गेला. आत पाणी साचू लागले, डब्यांना दमट वास येऊ लागला. ताईंनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. केंद्रप्रमुखांनी तो संस्थेकडे पाठवला. दोन महिन्यांनी संस्थेने माणूस पाठवला. तो सुतार होता.

सुताराने मला पुढून पाहिले, मागून पाहिले आणि डोके खाजवले.

“ताई, हा माझा रोगी नाही,” तो म्हणाला. “पण कागदावर आलोय तर बिजागरी तेवढी घट्ट करून जातो.”

तेव्हा कुठे घोटाळा उमगला. भांडारपालांचा चेहरा पडला. त्यांनी पेन उघडले, नोंदीवर आणले आणि परत मिटले.

“मी आता एक शब्द वाढवला तर नऊ समित्या खोट्या पडतात, ताई. हे माझ्या हातात राहिलं नाही.”

ते संचालकांच्याही हातात नव्हते. कागद परिषदेच्या मुख्यालयात गेला. पिकांची शाखा म्हणाली, वस्तूची नोंद हा प्रशासनाचा विषय. प्रशासन म्हणाले, वस्तू थंड असते की नाही हा शास्त्रीय प्रश्न, शाखेने मत द्यावे. कागद दोन मजल्यांमध्ये खाली-वर करू लागला. माझ्या पोटात मोड घटू लागले. दोनशे सात : अठरा, मग अकरा.

ताईंनी दुसरा मार्ग धरला. बी मरण्याआधी पेरून ताजे बी घ्यायचे. पण केंद्राची सगळी जमीन परिषदेच्या एका मोठ्या प्रयोगाला दिलेली होती. महत्प्रयासाने दोन वाफे मिळाले. जागा तीस वाणांपुरती. ताईंनी नियम केला : जे सर्वांत लवकर संपतील ते आधी. यादी तयार झाली आणि दोनशे सात तीत एकतिसावा आला.

केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हते. ते माझ्यासमोरच म्हणाले, “एक नंबर वर सरकवा, ताई. कोण बघतंय?”

“तिसाव्याचीही कुणीतरी सासू असेल, सर,” ताई म्हणाल्या आणि यादीवर सही केली.

एकदा मात्र त्यांनी दोनशे सातवी डबी पर्सजवळ नेली. नोंदीतले बी कागदाशिवाय बाहेर न्यायचे नाही, असा नियम. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग डबी परत माझ्यात ठेवली. पुढच्या तपासणीत चार मोड आले. त्याच्या पुढच्या वेळी टिपकागद उलगडला, तर वीस दाणे बुळबुळीत झालेले, मोड एकही नाही.

सासूबाई काठी टेकत स्वतःच बी मागायला आल्या. माझे दार उघडून त्यांनी आत हात घातला. इतक्या वर्षांत हात घालून पाहणाऱ्या ताईंखेरीज त्या पहिल्याच.

“हे तर गरम आहे गं. आमच्या कोनाड्यात ठेवलं असतं तरी जगलं असतं.”

ताईंनी दोनशे सातवी डबी त्यांच्या पिशवीत ठेवली.

“आता बरं नेऊ देतात?”

“आता ते बी राहिलं नाही, आई. नोंदीतून गेलं. म्हणून कागद लागत नाही.”

सासूबाईंनी पिशवीचे तोंड आवळले. मग म्हणाल्या, “तरी पेरून बघते.”

त्यांनी पेरले. काहीच उगवले नाही, असे ताईंनी भांडारपालांना सांगितलेले मी ऐकले.

तिसऱ्या वर्षी मुख्यालयाचा आदेश आला. त्यात दोन कलमे होती. पहिले : नोंद दुरुस्त करून ‘शीतकपाट’ असे वाचावे. दुसरे : सदर शीतकपाट थंड होत नसल्याने ते वापरातून काढून टाकावे. भांडारपालांनी मोत्यासारख्या अक्षरात ‘शीत’ लिहिले आणि लगेच साऱ्या ओळीवर तांबडी रेघ मारली.

नवे शीतकपाट आले नाही. त्याचा कागद वेगळा असतो. वाचलेल्या तीस वाणांचे ताजे बी ताईंच्या टेबलाखाली पत्र्याच्या पेटीत आहे. तिथे किती अंश असतात, ते मला ठाऊक आहे.

मी आता गाड्यांच्या शेडमागे उभे आहे. माझ्यात खराटे, रंगाचे डबे आणि दोरखंड ठेवतात. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी समितीत बसेल, कुणी रजिस्टर लिहील. “आहे” म्हणण्याआधी एकदा दार उघडा आणि आत हात घाला. मला आता त्याचा काही उपयोग नाही. रजिस्टरात लिहिले होते, तसेच मी अखेर झाले आहे : कपाट, पांढरे, दोन दारांचे.